सरोजबाईंचा पाव गुण

कोऱ्या रकान्यापासून सुरुवात करू.

लढत पहिली. गुण: — शेरा: —

रविवार, दुपारचे तीन चाळीस. मिरजेत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सरोज मगदूम टीव्हीसमोर ताठ पाठीच्या लाकडी खुर्चीत बसल्या होत्या. सोफ्यावर बसून गुण देता येत नाहीत असं त्यांचं ठाम मत. सोफा पाहुण्यांना. आजचा पाहुणा दिलावर मुल्लाणी. मानेला दवाखान्यातली कॉलर, शेजारी शेंगदाण्यांची वाटी. शेंगदाणे तो उजव्या हातानं खात होता. डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

सरोजबाई शाळेत पीटी शिकवायच्या. दिलावर त्यांचाच विद्यार्थी, म्हणून अजून 'बाई'च म्हणतो. पुढे तो 'महाफड'चा पैलवान झाला. महाफड म्हणजे दर रविवारी चार वाजता इचलकरंजीच्या एका बंद सूतगिरणीतून थेट दिसणारा कुस्तीचा खेळ. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, आणि ते लपवत कुणीच नाही. नाटकातला खलनायक शेवटी पडणार हे ठाऊक असूनही लोक तिकीट काढतातच की. बघायचं असतं ते तो पडतो कसा.

ते 'कसा' मोजणं हा सरोजबाईंचा नाद. एकोणीस वर्षं त्या प्रत्येक लढतीला पाचपैकी गुण देत आल्या होत्या. आधी वहीत, मग लोक वाचायला लागले म्हणून इंटरनेटवर. पाच गुण त्यांनी आजवर कुणालाही दिले नव्हते. त्यांचा पाव गुण मात्र प्रसिद्ध होता. पैलवानांनी एकमेकांचा हात हळूच दाबला आणि तो बाईंना दिसला, की पाव गुण कापला. ठरवाठरवीची कुस्ती आहे ना, मग ठरवाठरवी दिसू द्यायची नाही. मैदानात अशा कुस्तीला नुरा म्हणतात, आणि बाईंच्या वडिलांसमोर तो शब्द काढायचीही सोय नव्हती.

वडील खऱ्या मातीतले. तातोबा वस्ताद.

आता महाफडच्या कंपनीनं लढती चालवणाऱ्या आपल्या यंत्रालाही 'वस्ताद' असंच नाव दिलं होतं. सरोजबाई त्याला 'ते यंत्र' म्हणायच्या.

फोन वाजला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण हातात पेन होतं.

"मॅडम, पारस बोलतोय, तांत्रिक विभागातून. एक आनंदाची बातमी! सिस्टीम तुमच्या वह्यांमधून नेमकं काय शिकली त्याचा अहवाल आलाय. इतके दिवस आतलं काही दिसतच नव्हतं. सगळ्यात भरवशाचा नियम कुठला सापडला असेल? हसाल तुम्ही."

"सांगा, हसते."

"हात! पैलवानानं पैलवानाचा हात दाबला की तुमचा पाव गुण जातोच. एक हजार एकशे बारा वेळा, एकदाही चूक नाही. म्हणून तर सिस्टीमनं गेल्या दिवाळीपासून हात दाबणं बंद केलं. पैलवानांच्या कानात सांगते, हात मोकळे ठेवा. आणि प्रेक्षकांचा श्वास काय अडकतो मॅडम तेव्हापासून!"

सोफ्यावर शेंगदाण्याचा कुरकुर आवाज थांबला.

*

इथे थोडं थांबून यंत्र समजावून घेऊ. लढती सुरू व्हायला अजून पंधरा मिनिटं आहेत.

हॉलमधल्या आणि घराघरांतल्या काही लाख प्रेक्षकांच्या मनगटावर कंपनीचा पट्टा असतो. तो नाडी मोजतो, तळव्याचा घाम मोजतो आणि मुख्य म्हणजे श्वास किती वेळ रोखला ते मोजतो. पुढे काय होणार हे कळेनासं झालं की माणूस श्वास धरतो. याला कुणी शिकवावं लागत नाही. यंत्र हे सगळं एकत्र करतं आणि दर काही सेकंदांनी पैलवानांच्या कानातल्या इवल्या यंत्रात सांगतं: आता उचल, आता थांब, आता पाड. कानातला हुकूम मोडला की पुढच्या रविवारी लढत मिळत नाही.

पण नुसत्या श्वासावर भागेना. सुरुवातीच्या महिन्यात यंत्रानं सहा वेळा दिवे घालवले, कारण अंधारात सगळेच श्वास धरतात. 'अडकलेला श्वास' आणि 'चांगली लढत' यांतला फरक त्याला कुणीतरी दाखवायला हवा होता. म्हणून कंपनीनं सरोजबाईंच्या वह्या घेतल्या आणि त्यांना प्रमाण परीक्षक केलं. त्यांनी घरी बसून, चारचौघांसारखं टीव्हीवर बघायचं, लढत चालू असताना टॅबलेटवरची पट्टी शून्य ते पाच सरकवत राहायचं, शेवटी एक गुण द्यायचा आणि एक शेरा लिहायचा. यंत्र ते बघून स्वतःला दुरुस्त करत जातं.

हात दाबणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. 'उलटी घागर' नावाचा एक डाव आहे. एकजण दुसऱ्याला उलटा उचलतो, डोकं खाली, पाय वर, आणि घागर पालथी करावी तसा खाली सोडतो. उलटा टांगलेल्याला जमीन दिसत नाही. उचलणाऱ्याला त्याची मान दिसत नाही. मधे एकच गोष्ट असते. हात एकदा दाबला: मान आत घेतली, सोड. दाबला नाही: थांब.

आठ महिन्यांपूर्वी उमाकांत हेरवाडेनं दिलावरला उलटा उचलला. हात मोकळे होते. कानात आवाज आला, 'पाड'.

*

बाईंनी फोन बंद करून उपडा ठेवला होता.

"म्हंजे बाई," दिलावर म्हणाला, "ते तुमी हुता व्हय."

सरोजबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"आमाला वाटायचं, वरच्या कुनी साहेबानं काढलंय खूळ. आठ म्हैनं त्या साहेबाला शिव्या घातल्या मी. पोटभर. आता त्या परत कशा घ्यायच्या?"

"घेऊ नकोस. पत्ता बदल."

"तुमाला शिव्या? पीटीच्या बाईला?" त्यानं मान हलवायचा प्रयत्न केला, कॉलरनं हलू दिली नाही. "ग्राउंडला पंधरा चकरा मारायला लावशीला."

"दिलावर, मी चेष्टा करत नाहीये."

"मी बी न्हाई." तो टीव्हीकडे बघत राहिला. पडद्यावर आजच्या लढती झळकत होत्या. चौथी आणि शेवटची: उमाकांत हेरवाडे विरुद्ध इरफान मुल्लाणी. इरफान, त्याचा धाकटा भाऊ. वय चोवीस. भावाच्या जागी घेतलेला. "आज घागर हाय त्याच्या नशिबात. सकाळी फोन आलता त्याचा. उमाकांतचं हात थरथरत्यात म्हनला, सरावात पन. डाळिंबाची पेटी पाठवतो मला उमाकांत दर म्हैन्याला, पन सोता येत न्हाई."

बाईंनी टॅबलेट मिटला. "मी आज गुणच देत नाही."

मग काहीतरी सुचलं म्हणून त्यांनी पारसला परत फोन लावला.

"पारस, मी आज गुण दिले नाहीत तर?"

"तब्येत बरी आहे ना मॅडम? नाही दिलेत तरी अडत नाही हो. जुन्या वह्या आहेतच. तेच नियम चालू राहतील."

"आणि दिले तर? जुनं धरतं की नवं?"

"नवं. लोकांची आवड बदलते ना, म्हणून ताज्या मताचं वजन फार जास्त ठेवलंय."

"मी वेडेवाकडे गुण दिले तर?"

पारस मनापासून हसला. "तुम्ही? तशी चाचणी आहे. परीक्षक एकदा असा, एकदा तसा वागला की सिस्टीम त्याचं ऐकणं सोडून देते. एकाच नियमानं वागला तर ऐकते."

"मधेच मला बंद करता येतं?"

"छे! जाहिरातच आहे आपली: चालू खेळात गुणांना कुणी हात लावू शकत नाही. मालकसुद्धा. का हो?"

"सहज," सरोजबाई म्हणाल्या. खुर्चीत त्या आणखी ताठ बसल्या. शाळेत कवायतीच्या आधी शिट्टी ओठांत धरायच्या, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

*

लढत पहिली.
गुण: ०.२५
शेरा: हात नाही.

(लढत बरी होती. दोघं दोरांवरून उड्या मारत होते, आपटत होते, लोक ओरडत होते. जुन्या हिशेबानं साडेतीनची. दिलावर पट्टीकडे बघून म्हणाला, "बाई, पोरं रडतील." बाई म्हणाल्या, "रडू देत. मान सरळ ठेवून रडतील.")

*

पण अडचण बाईंच्या लक्षात यायला एक लढत जावी लागली. हात नसेल तिथे गुण कापता येतील. पण हात असेल तिथे गुण वाढवायचे, तर हात दिसायला तर हवा! दिवाळीपासून कुणी हात दाबतच नव्हतं. जे घडतच नाही त्याचं कौतुक करायचं कसं?

दुसऱ्या लढतीत दोन जुनी खोडं होती, दोघंही पन्नाशीकडे झुकलेले. एकानं दुसऱ्याला खांद्यावर घेतलं. आठ कॅमेरे. बाई पुढे झुकल्या. खांद्यावरच्या माणसाचा अंगठा खालच्याच्या काखेत, कातड्याच्या घडीत, एकदा रुतला आणि सुटला. पापणी लवायच्या आत. यंत्राला तो दिसला नसणार. दिसला असता तर बंद झाला असता. पण एक हजार एकशे बारा हात पकडलेल्या नजरेतून तो कसा सुटेल?

त्यांनी दिलावरकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"बघितलंत न्हवं," तो म्हणाला. "बाई, तेवढं बघू नका."

"तुम्ही सगळे करता हे?"

"माझ्यानंतर काढलंय पोरांनी. तेवढंच हाय त्यांच्याकडं. आनि तुमी त्याला गुण दिलं, म्हंजे यंत्राला बोट दाखवून सांगितल्यावानी झालं. ते काय समजंल कुनाला ठावं? तुमचं गणित चुकलं, तर ते बी बंद. मग इरफान वर उलटा, आनि हातात काय बी न्हाई."

खरं होतं. एक लपवलेला अंगठा होता, आणि तो उघडा पाडायचा की नाही हे मिरजेतल्या एका खुर्चीत ठरणार होतं.

त्यांना वडिलांचं मैदान आठवलं. कुस्ती लावताना तातोबा वस्ताद दोघांना मधे उभं करायचे. दोघांनी माती उचलायची, एकमेकांच्या अंगाला लावायची आणि हात मिळवायचा. सलामी. हात मिळाल्याशिवाय वस्ताद बाजूला व्हायचे नाहीत. एकदा एका नामी पैलवानानं तोऱ्यात हात दिला नाही, तर वस्तादांनी हजारो लोकांसमोर त्याला मैदानाबाहेर घालवलं. 'ज्याचा हात घेतला नाहीस त्याचं हाड तुझ्या स्वाधीन कसं करू?' म्हणाले होते. सात वर्षांची सरोज तेव्हा हलगीवाल्याच्या शेजारी बसली होती. तिनं त्या मैदानातून काय उचललं? तर नुरा वाईट. एवढंच. हात विसरली.

"दिलावर, लपवून केलेलं कधीतरी सापडतंच. मी नाही तर नववा कॅमेरा पकडेल."

"आज न्हाई पकडनार."

"आज मी आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पट्टी सरकवली आणि अंगठा परत रुतला तेव्हा पुन्हा सरकवली, वरच्या टोकापर्यंत.

लढत दुसरी.
गुण: ४.७५
शेरा: अंगठा. काखेत. दोनदा. फार सुंदर.

दिलावरनं डोळे मिटून घेतले.

*

लढत तिसरी. बायकांची.

दुपारचे ४.४१. हात नाही. पट्टी शून्यावर.

४.४३. एकीनं कानाला हात लावला. गोंधळलेली दिसते.

४.४४. दुसरीनंही लावला.

४.४५. मनगट धरलं. सोडलं. (चुकून?) पट्टी चारवर.

४.४६. पुन्हा धरलं. चुकून नाही! पट्टी साडेचारवर.

४.४८. हात दाबला. उघड. कॅमेऱ्याकडे. पट्टी पावणेपाच.

४.४८. दिलावर उठून उभा राहिला. डॉक्टरांनी असं झटक्यात उठू नको म्हणून सांगितलं आहे.

४.४९. फोन वाजतोय. वाजू दे.

४.५०. फोन वाजतोय.

४.५१. "मॅडम! पारस. तुम्ही काय करताय? सिस्टीम पैलवानांना हात धरायला सांगतेय!"

"ऐकतेय म्हणजे. शहाणी आहे."

"मॅडम, हॉलमध्ये लोक 'नुरा, नुरा' ओरडतायत! श्वासाचा आलेख बघा, बसलाय पार!"

"मला आलेख दाखवायचा नाही असा करार आहे. मी चारचौघांसारखं टीव्हीवर बघायचं."

"मालक शेजारी उभे आहेत. त्यांचं म्हणणं, पुढच्या रविवारपासून तुम्ही नाही."

"त्यांना सांगा, आज रविवारच आहे."

फोन उपडा.

गुण: ४.७५. शेरा: गेल्या दिवाळीनंतरचा पहिला उघडा हात.

*

लढत चौथी सुरू झाली तेव्हा हॉल चिडलेला होता. पडद्यावरही ते कळत होतं. लोकांना उघड उघड हात दिसले होते आणि आपल्याला कुणीतरी फसवतंय असं त्यांना वाटत होतं. खरं तर फसवणूक कमी झाली होती, पण ते त्यांना कोण सांगणार?

उमाकांत आला. दारासारखा माणूस. दिलावर त्याला आठ महिन्यांनी बघत होता, तोही टीव्हीवर. "वाळलाय," तो पुटपुटला. मग इरफान आला, दोरावरून उडी मारून, भावाचीच लकब. दिलावरनं उजव्या हातानं सोफ्याची कड धरली.

दहा मिनिटं यंत्र दोन्हीकडून ओढलं जात होतं. इकडे लाखो मनगटं श्वास मागत होती, तिकडे एक बाई हात मागत होती. ते दोघांच्या कानात काय सांगत असेल ते दोघांच्या चेहऱ्यांवर उमटत होतं: एकदा तुटून पडत, एकदा मधेच थबकत. हात जवळ येत आणि लोकांच्या ओरड्यानं मागे जात. बाईंची पट्टी मात्र एकाच नियमानं चालली होती. हात, वर. हात नाही, खाली. शाळेत रांग सरळ होईपर्यंत त्या शिट्टी वाजवत राहायच्या, तशीच.

मग उमाकांतनं इरफानला उलटा उचलला.

डोकं खाली. पाय वर. हॉल एकदम शांत. लाखो श्वास एकाच वेळी अडकले असणार, कारण सगळ्यांनी आठ महिन्यांपूर्वीचं बघितलेलं होतं. यंत्राला आयुष्यात इतका चांगला क्षण मिळाला नसेल. जुना नियम सांगत होता: हात मोकळे, पाड.

उमाकांतचे हात थरथरत होते. बाईंची पट्टी शून्यावर होती. त्यांनी बोट उचललं नाही, काचेतून आरपार जाईल इतकं दाबून धरलं. शून्य. शून्य. शून्य. एवढे श्वास अडकलेत आणि माझ्याकडून तुला काही नाही. काही मिळणार नाही.

"थांब," दिलावर टीव्हीला म्हणाला. "उमाकांत, थांब गड्या."

तीन सेकंद. चार.

उमाकांतनं मान कलती केली, कानात काही ऐकल्यासारखी. मग त्यानं एक हात इरफानच्या कमरेवरून सोडवला आणि खाली, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर, तळवा उघडून धरला. यंत्रानं सांगितलं म्हणून? की त्याचं त्यानंच? हे कुणालाच कधी कळलं नाही. नंतरच्या चौकशीत यंत्राची त्या चार सेकंदांची नोंद एकच निघाली: 'निर्णय नाही.'

इरफाननं हात धरला. दाबला. उमाकांतनंही दाबला.

"नुरा!" हॉल फुटला. "नुरा! नुरा!" कुणीतरी पाण्याची बाटली भिरकावली. उमाकांतनं त्या गोंगाटात तो धरलेला हात तसाच वर, दिव्यांकडे उचलून सगळ्यांना दाखवला. घ्या, बघा. मग हात सोडला, इरफानची कंबर दोन्ही हातांनी धरली आणि घागर पालथी केली.

इरफान आदळला. लोळला. उठून बसला आणि मान आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवून दाखवली.

दिलावर सोफ्यावर बसला. त्याच्या तोंडून आवाज निघाला तो हसण्याचा की कसला ते बाईंनी पाहिलं नाही. त्यांना काम होतं.

लढत चौथी.
गुण: ५
शेरा: सलामी उशिरा झाली. एकोणीस वर्षं. चूक परीक्षकाची.

*

फोन वाजत होता. पारस असेल, मालक असेल, वर्तमानपत्रवाले असतील. बाईंनी तो उचलून शेंगदाण्यांच्या वाटीखाली ठेवला. तिथेही तो थरथरत राहिला आणि शेंगदाणे नाचायला लागले.

"नोकरी गेली तुमची," दिलावर म्हणाला.

"नाद होता. नोकरी कुठली?"

"पुढच्या रविवारी परत जुनं करतील ते."

"करू देत. आज काही लाख लोकांनी तो हात बघितलाय. उद्या कुणी हात न दाबता कुणाला उलटं उचललं, तर त्यांतले निम्मे तरी विचारतील, हात कुठाय? आणि नाही विचारलं, तर मी गिरणीच्या दारात उभी राहून विचारीन. शिट्टी आहे अजून माझ्याकडे."

दिलावर हसला. मग शेजारच्या माणसाला उठवावं तसा त्यानं उजव्या हातानं आपला डावा हात उचलला आणि बाईंच्या खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, तळवा वर करून.

बाईंनी आपला हात त्यात दिला.

तो दाबायला लागला. कपाळावर शीर उभी राहिली. बाईंना आधी काहीच जाणवलं नाही. मग करंगळीच्या बाजूला काहीतरी हललं, अगदी थोडं.

"किती गुण, बाई?"

सरोजबाईंनी पेन खाली ठेवलं.

"गुणबिण नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा दाब."